आधाराची उतरंड

जून महिना उजाडला की राज्यातील शाळांची दारे उघडतात. प्रभातफेऱ्या निघतात, पहिलीत पाऊल ठेवणाऱ्या चिमुकल्यांच्या हाती फुले आणि कोरी पुस्तके दिली जातात, मान्यवरांच्या उपस्थितीत प्रवेशोत्सव साजरा होतो. या उत्सवाकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या समाजात एके काळी अक्षरओळख हा मूठभरांचा अधिकार मानला गेला, त्या समाजात वाडीवस्तीवरचे प्रत्येक मूल शाळेच्या पटावर येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पटावर नाव चढले म्हणजे मूल शिकले, असे होत नाही. पट भरलेला आणि पाटी मात्र कोरीच, अशी अवस्था असंख्य मुलांची आहे. पहिलीत जूनमध्ये दिलेल्या त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते मुलाला वाचता आले का, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणताही उत्सव भरत नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ मध्ये संसदेने त्या तरतुदीत बदल केला आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण मुलास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ही मुभा स्वीकारली. 'ढकलगाडी' बंद झाली म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. काहीच न शिकता मूल नववीपर्यंत पोहोचावे आणि तेथे त्याचा कडेलोट व्हावा, हे कोणालाच मान्य होणार नाही. तथापि, ज्या व्यवस्थेने नापास करण्याचा अधिकार परत मिळवला, तिने आधार देण्याचे कर्तव्य पार पाडले आहे काय, हे तपासल्याखेरीज या निर्णयाचे स्वागत करता येणार नाही. पाच वर्षे ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, त्याला पाचव्या वर्षाच्या अखेरीस 'तू कच्चा आहेस' असे सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे. नव्या तरतुदीनुसार अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आहे. पाच वर्षांची तूट दोन महिन्यांत भरून निघेल, अशी अपेक्षा बाळगणारा एक तर भाबडा असला पाहिजे, नाही तर निर्दय.

तूट किती मोठी आहे, याचा अंदाज 'असर' या वार्षिक पाहणीतून येतो. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर गेले. पाचवीच्या मुलांत हेच प्रमाण ३८.५ वरून ४४.८ टक्क्यांवर पोहोचले. महामारीच्या काळात शाळा बंद राहिल्याने झालेली पडझड सावरली, एवढेच नव्हे तर थोडी पुढची मजलही गाठली, ही समाधानाची बाब आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि २०२१ मध्ये सुरू झालेले 'निपुण भारत' अभियान यांनी पायाभूत वाचन व गणन हा विषय सर्वांच्या पुढ्यात आणून ठेवला, याचेही श्रेय द्यावे लागेल. पण समाधान मानून थांबावे, अशी ही आकडेवारी नाही. सरकारी शाळेत पाच वर्षे काढलेल्या दर दोन मुलांपैकी एकाहून अधिक मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, असाच तिचा अर्थ आहे.

यावर उपाय काय, हे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. वेळेवर हजर राहावे, अभ्यासक्रम पूर्ण करावा, या परिचित कर्तव्यांबरोबरच त्यात आणखी एक कर्तव्य आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जाणून घ्यावी आणि त्यानुसार गरज असेल तेथे त्याला अधिकचे शिकवावे. ज्या कलमावरून एवढे वाद झाले, ते नापासबंदीचे कलम घराघरात ठाऊक आहे. हे कलम मात्र कोणाच्या ओठांवर नाही. वस्तुतः दोन्ही कलमे एकमेकांच्या आधारानेच उभी होती. मुलाला मागे ठेवू नका, कारण तो मागे पडणार नाही याची काळजी तुम्ही रोज घेणार आहात, असा त्या कायद्याचा सरळ आशय होता. आपण पहिला भाग पाळला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरलो. नापासबंदी फसली असे म्हणताना हे विसरणे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

कलमातील 'अधिकचे शिकवावे' हे शब्द प्रत्यक्षात कसे आणायचे, याची एक रीत जगातील काही देशांत गेल्या दोन दशकांत रुजली आहे. तिला स्तरनिहाय आधाराची पद्धत म्हणता येईल. अमेरिकेत सार्वजनिक शाळांतील ज्या मुलांना वाचन-लेखनात विशेष अडचण असे, त्यांना मदत मिळण्यासाठी पूर्वी त्यांची बुद्धिमत्ता आणि त्यांची शालेय प्रगती यांत मोठी तफावत सिद्ध करावी लागे. ही तफावत दिसू लागेपर्यंत मूल तिसरी-चौथीत गेलेले असे. म्हणजे आधी मुलाने पुरते अपयशी व्हायचे आणि मग मदतीस पात्र ठरायचे! २००४ मध्ये तेथील कायदा बदलला आणि मुलाला मदत देऊन पाहावी, तिला ते कसा प्रतिसाद देते हे नोंदवावे आणि त्यावरून पुढची पायरी ठरवावी, या पद्धतीस मान्यता मिळाली. २०१५ च्या कायद्याने शिकणे आणि वागणे या दोन्हींना कवेत घेणाऱ्या बहुस्तरीय आधाराचा स्पष्ट उल्लेख केला.

या पद्धतीची रचना समजण्यास अवघड नाही. आपल्या जुन्या घरांतून दिसणारी मडक्यांची उतरंड डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर मध्यम, त्यावर लहान. तळाचे मडके म्हणजे वर्गातील रोजचे चांगले अध्यापन. ते सर्व मुलांसाठी असते. वर्षातून दोन-तीनदा प्रत्येक मुलाची छोटी चाचणी होते आणि जी मुले अडखळत आहेत, त्यांना चार-सहा जणांच्या गटात आठवड्यातून ठरावीक वेळा अधिकचे शिकवले जाते. हे मधले मडके. तेवढ्यानेही ज्याचे भागत नाही, त्या थोड्या मुलांना एकेकट्याने, तज्ज्ञाच्या मदतीने शिकवले जाते. हे वरचे मडके. साधारणपणे शंभरातील ऐंशी मुलांचे पहिल्या स्तरावर भागावे, पंधरा मुलांना दुसऱ्याची आणि पाच मुलांना तिसऱ्याची गरज पडावी, असा तेथील ढोबळ हिशेब असतो. अर्थात उतरंडीचे शास्त्र प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. वरची मडकी कितीही सुबक असली तरी तळाचे हलले की सारी उतरंड कोसळते.

नेमकी येथेच आपली आणि त्यांची परिस्थिती वेगळी आहे. तिसरीतील चार मुलांपैकी तिघांना अपेक्षित मजकूर वाचता येत नसेल, तर त्या तिघांना 'मागे पडलेली मुले' म्हणून निवडून वेगळ्या गटात बसवण्यात काय हशील? तेथे मुले मागे पडलेली नाहीत, वर्गातील अध्यापनच त्यांना सोडून पुढे निघून गेले आहे. तळाचेच मडके फुटके असताना वरची दोन रचण्याचा उद्योग निष्फळ ठरतो. म्हणून महाराष्ट्रातील जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांसाठी स्तरनिहाय आधाराचा विचार करताना प्रारंभ पहिल्या स्तरापासूनच केला पाहिजे. पुस्तक कोठवर आले, यापेक्षा मूल कोठवर आले, हे पाहून शिकवणे हा तो प्रारंभ होय.

असे शिकवता येते, याचा पुरावा आपल्याच भूमीत तयार झाला आहे. 'प्रथम' या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम राबवला. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन अक्षरे, शब्द आणि साधे गणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा काटेकोर अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची प्रगती ठळक होती आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला होता. बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या कार्याच्या गौरवात मुंबईच्या या वर्गखोल्यांचाही वाटा होता. मात्र त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपण सहसा सांगत नाही. उपक्रमातून बाहेर पडल्यानंतर वर्षभरात मुलांनी मिळवलेला लाभ बराचसा ओसरला. याचा बोध स्वच्छ आहे. आधार हा मोहिमेपुरता देऊन काढून घेण्याचा विषय नव्हे. तो शाळेच्या नित्यक्रमात मुरला पाहिजे.

बिहारचा अनुभव त्याहून बोलका आहे. तेथील सरकारी शिक्षकांनी २००८ च्या उन्हाळी सुट्टीत मागे राहिलेल्या मुलांसाठी त्यांच्या पातळीनुसार वर्ग घेतले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. त्याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य देऊन ती नेहमीच्या शालेय वर्षात राबवण्यास सांगितले, तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. शिक्षक तेच, मुले तीच. मग बदलले काय? सुट्टीत शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची टांगती तलवार नव्हती. शाळा सुरू होताच ती पुन्हा लटकू लागली. हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच रोजचा एक तास राखून ठेवला आणि त्या तासाला मुलांची इयत्ता बाजूस ठेवून पातळीनुसार गट केले, तेव्हा शालेय वर्षातही यश आले. आपल्या शिक्षकांना शिकवता येत नाही, असा सूर लावणाऱ्यांनी हे अनुभव पुन्हा पुन्हा वाचावेत. शिक्षकाला शिकवता येते. त्याला शिकवू दिले पाहिजे.

महाराष्ट्रातही या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने पायाभूत चाचण्या आणल्या आणि प्रत्येक मूल शिकू शकते, ही भूमिका शासन निर्णयात नोंदवली. २०२५ च्या मार्चमध्ये 'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रम हाती घेण्यात आला; गावकऱ्यांसमोर मुलांनी वाचून दाखवण्याचे 'चावडी वाचन' त्यात आले. अनेक शिक्षकांनी त्यात जीव ओतला. दोष हेतूचा नाही, स्वरूपाचा आहे. कार्यक्रमाला आरंभाची तारीख असते तशी समाप्तीचीही असते. समाप्तीनंतर अहवाल जातो, टक्केवारी झळकते आणि पुढच्या वर्षी नवे नाव घेऊन नवा कार्यक्रम येतो. चाचणीचा उपयोग मुलाला काय शिकवायचे हे ठरवण्यासाठी व्हावा की शाळेला गुण देण्यासाठी, याचा निर्णय आपण अजून केलेला नाही. ज्या क्षणी चाचणीचा निकाल शिक्षकाच्या मानगुटीवर बसतो, त्या क्षणी ती चाचणी खरे बोलणे सोडून देते.

स्तरनिहाय आधाराचा दुसरा अर्धा भाग मुलांच्या वर्तनाशी निगडित आहे आणि आपल्याकडे तो जवळजवळ दुर्लक्षितच आहे. वर्गात उगाच उठणारा, शेजाऱ्याला टोचणारा, गृहपाठ न आणणारा, आठवड्यातून दोन दिवस गायब होणारा मुलगा 'वाह्यात' ठरतो. त्याच्या वाह्यातपणाचे मूळ पुष्कळदा कोठे असते? पाचवीत बसून ज्याला वाचता येत नाही, त्याला उभे राहून वाचण्याची पाळी येण्यापूर्वी वर्गाबाहेर काढले जाणे अधिक सन्मानाचे वाटते. कोणाला फळा दिसत नसतो, कोणाला ऐकू कमी येते, कोणाच्या घरी रात्री दारूचा धिंगाणा असतो, कोणी पहाटे उठून कामाला जाऊन मग शाळेत आलेला असतो. त्याला छडी मारून यांपैकी एकही कारण दूर होत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली, ते योग्यच झाले. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हाती दुसरे काय दिले? काहीच नाही. परिणामी काही ठिकाणी छडी लपून चालू राहिली आणि काही ठिकाणी शिक्षकाने मुलांकडे पाहणेच सोडून दिले. यांपैकी दुसरी शिक्षा अधिक क्रूर आहे.

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या पुढाकाराने विकसित झालेल्या पद्धतीत चांगले वागणे हेही गणिताप्रमाणे शिकवण्याची गोष्ट मानली जाते. शाळा तीन-चार सोपे नियम ठरवते, ते सर्व मुलांना करून दाखवते, त्यांचा सराव घेते आणि नियम पाळणाऱ्याची आवर्जून दखल घेते. हा पहिला स्तर. जे मूल तरीही अडखळते, त्याला सकाळी शाळेत आल्यावर आणि घरी जाण्यापूर्वी एक ठरलेली मोठी व्यक्ती भेटते, दिवसाचे उद्दिष्ट विचारते, दिवस कसा गेला हे विचारते. हा दुसरा स्तर. तिसऱ्या स्तरावर एखाद्या मुलाचे वर्तन केव्हा बिघडते, त्याआधी काय घडते, त्यातून त्याला काय मिळते, याचा बारकाईने शोध घेऊन त्याच्यापुरती योजना आखली जाते. मेरीलँड राज्यातील प्राथमिक शाळांत या पद्धतीची चाचणी झाली, तेव्हा शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्याचे आढळले. यात आपल्याला अनोळखी असे काय आहे? सकाळी दारात उभे राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणारे, गैरहजर मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन चौकशी करणारे गुरुजी आणि बाई महाराष्ट्राच्या गावोगावी होऊन गेले, आजही आहेत. जे काही शिक्षकांच्या अंगभूत चांगुलपणावर सोडले गेले आहे, ते प्रत्येक शाळेची नेमून दिलेली जबाबदारी व्हावे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

तिसऱ्या स्तराची आपल्याकडील स्थिती सर्वांत चिंताजनक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने वाचन, लेखन व गणन यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा आणि स्वमग्नतेचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. मोठ्या शहरांतील जाणता पालक मुलाला तज्ज्ञाकडे नेतो, प्रमाणपत्र मिळवतो, परीक्षेत जादा वेळ मिळवून देतो. दुर्गम पाड्यावरच्या त्याच प्रकारच्या मुलाला मात्र आयुष्यभर 'ढ' हे एकच प्रमाणपत्र मिळते. प्राथमिक स्तरावर दर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर दर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अधोरेखित केले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना त्यानुसार पदे मंजूर करण्याचे आदेश द्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या ग्रामीण भागातील असंख्य शाळा या दुसऱ्या वर्गात मोडतात. दोन शिक्षकांच्या शाळेत स्वतंत्र समुपदेशक मिळणार नाही, हे उघड आहे. पण केंद्रशाळेच्या पातळीवर एक विशेष शिक्षक आणि एक समुपदेशक कायमस्वरूपी नेमून त्यांच्या फेऱ्या ठरवून देणे अशक्य आहे काय?

या साऱ्या चर्चेत ज्यांच्या नशिबी सर्वांत मोठी तूट येते, त्या दोन प्रकारच्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख करणे अगत्याचे आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणी कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे निम्मे शालेय वर्ष फडावर संपते. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड यांची योजना आहे; परंतु मूल परत आल्यावर त्याची तूट मोजून ती भरून काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोठेही निश्चित होत नाही. तो आपल्या जुन्या बाकावर बसतो आणि पुस्तक तोवर शेवटच्या पाठावर पोहोचलेले असते. दुसरे मूल मेळघाटातील कोरकू, नंदुरबारच्या सातपुड्यातील पावरा, गडचिरोलीतील गोंड वा पालघरमधील वारली वस्तीचे. घरात वेगळी बोली बोलणारे हे मूल शाळेत पाऊल ठेवताच प्रमाण मराठीच्या भिंतीवर आदळते. त्याला भाषा कळत नाही आणि आपण समजतो, त्याला विषय कळत नाही. पाचवीच्या परीक्षेत मागे राहणाऱ्यांच्या यादीत ही मुले अग्रभागी असणार, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. एकदा मागे राहिलेला ऊसतोड कामगाराचा मुलगा पुढच्या हंगामात कोयत्याकडे वळतो आणि मुलीच्या हाती लग्नाच्या अक्षता पडतात. नापासाच्या शिक्क्याची किंमत सर्व घरांत सारखी नसते.

परदेशात रुजलेली पद्धत येथे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. विचार परका आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही आणि परका आहे म्हणून डोक्यावर घेण्यासारखाही ठरत नाही. शिवाय या प्रांतात देवाणघेवाण दुतर्फा झाली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये असलेल्या अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळांत वाळूत बोटाने अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची रीत आपल्या शाळेत बसवली आणि ती इंग्लंडला नेली. तेथे ती 'मद्रास पद्धत' म्हणूनच ओळखली गेली. ज्याला जेवढे येते तेथून त्याला पुढे न्यावे, ही जाण या देशाला नवी नाही. राजपुत्र मंदबुद्धी आहेत म्हणून त्यांना नापास न करता त्यांना रुचेल अशा कथांतून नीती शिकवणारा विष्णुशर्मा आपल्याच परंपरेतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर नेली. मुलाने व्यवस्थेला साजेसे व्हावे हा हट्ट सोडून व्यवस्थेने मुलाला साजेसे व्हावे, हाच या सर्वांचा धडा आहे.

मात्र डोळस राहिले पाहिजे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी झालेल्या एका मोठ्या मूल्यमापनात, पात्रतेच्या रेषेच्या किंचित खाली असल्यामुळे जादा मदतीच्या गटात गेलेली पहिलीची मुले रेषेच्या किंचित वर असलेल्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडल्याचे दिसले. केवळ गट पाडले म्हणजे मूल शिकत नाही. गटात काय शिकवले जाते आणि त्यासाठी वर्गातील कोणता भाग बुडतो, हे महत्त्वाचे असते. तेथे कृष्णवर्णीय मुले विशेष शिक्षणाच्या वर्गांत प्रमाणाबाहेर ढकलली जातात, ही तक्रारही जुनी आहे. आपल्यालाही हा धोका ओळखावा लागेल. 'उतरंड' या शब्दाला आपल्या समाजात एक दुखरा अर्थ आहे. आधारासाठी केलेले गट जर कायमचे झाले, त्यांना 'हुशार' आणि 'ढ' अशी नावे पडली, आणि तळाच्या गटात ठरावीक वस्तीचीच मुले वर्षानुवर्षे दिसू लागली, तर समरसतेच्या मार्गातील एक जुनी भिंत आपण शाळेतच नव्याने उभारली, असे होईल. गट दीड-दोन महिन्यांनी मोडला आणि पुन्हा जुळवला गेलाच पाहिजे. मूल पुढे सरकले नाही, तर आधी मदतीची पद्धत बदलावी. मुलाविषयीचे मत बदलण्याची घाई करू नये.

तेव्हा शासनाकडे काही स्पष्ट मागण्या केल्या पाहिजेत. पहिली, प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात रोजचा एक तास पातळीनुसार शिकवण्यासाठी राखून ठेवावा आणि त्या तासाला कोणतीही बैठक, माहिती वा मोहीम शिवू नये. दुसरी, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, हे कायद्याच्या कलम २७ चे बंधन शासनाने स्वतः पाळावे. सकाळी खिचडीचा हिशेब आणि दुपारी पोर्टलवरील माहिती भरणाऱ्या शिक्षकाकडून प्रत्येक मुलाच्या प्रगतीची नोंद मागणे हा विनोद आहे. तिसरी, प्रत्येक केंद्रात विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांची नियमित पदे भरावीत. चौथी, स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाची नोंद त्याच्यासोबत प्रवास करावी आणि परतल्यावर त्याच्यासाठी स्वतंत्र भरपाई वर्ग ही शाळेची बंधनकारक जबाबदारी ठरावी. आणि पाचवी, ज्या मुलाला वर्षभर कोणता आधार दिला गेला याची लेखी नोंद शाळेकडे नाही, त्या मुलाला पाचवीत वा आठवीत मागे ठेवण्याचा अधिकार शाळेला नसावा. ही एक अट घातली, तरी बाकीच्या चार गोष्टी आपोआप मार्गी लागू शकतील.

समाजाचेही यात काम आहे. सेवानिवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण, शिकलेल्या सुना-लेकी यांना आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच मुलांसोबत बसून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेणे कठीण नाही. बालसखींनी ते करून दाखवले आहे. मात्र स्वयंसेवकाने शिक्षकाला हातभार लावावा, त्याची जागा घेऊ नये. समाज पुढे आला म्हणून शासनाला मागे सरकण्याची सवलत मिळू नये.

कोणतेही अक्षर मंत्रशक्तीवाचून नसते, कोणतीही मुळी औषधी गुणावाचून नसते, तसा कोणताही माणूस निरुपयोगी नसतो, उणीव असते ती योजकाची, अशी आपल्या पूर्वजांची धारणा होती. सभासमारंभांतून ती आपण अभिमानाने सांगतो. तिची कसोटी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मागच्या बाकावर लागणार आहे. येत्या एप्रिलमध्ये पाचवीच्या परीक्षेला बसणारे मूल आज वर्गात आहे. त्याला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याच्या शिक्षकालाही ठाऊक आहे. निकालाच्या दिवशी त्याला ते सांगण्याऐवजी आजच त्याच्याशेजारी कोणीतरी जाऊन बसले पाहिजे.